न काढलेलं प्रश्नचिन्ह

मी काय काम करते असं कुणी विचारलं, तर मी सांगते की दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. लोक हसतात. मग आमचे हे मध्येच तोंड घालतात, "घरी फुकट काढते." लोक आणखी हसतात. हसू देत. बावीस वर्षं मी एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासतेय. खिडकीजवळचं टेबल माझं. डाव्या हाताला लेखकाची मूळ प्रत, उजव्या हाताला छापायला जायची पानं, आणि ओळीखाली धरायला एक लाकडी पट्टी. पट्टी एक ओळ खाली, एकदा डावीकडे बघ, एकदा उजवीकडे बघ, की पट्टी परत खाली. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती काही मी स्वतः पसरवलेली नाही.

ह्या बावीसपैकी चौदा वर्षं मी कादंबरीही लिहितेय. एकच. डोंगरातल्या एका गावात एकटा राहणाऱ्या चित्रकाराची. मी डोंगरात कधी राहिलेले नाही आणि चित्रकार म्हणावा असा माणूस माझ्या ओळखीत एकही नाही, पण ते असो. पाच वेळा मी ती आमच्या मालकांना दिली आणि पाचही वेळा ती परत आली. इतरांना पत्र तरी जातं. माझ्या बाबतीत मालक स्वतः खोलीतून उठून येतात, गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवतात, "निर्दोष आहे हो, पण आत्ता नको," म्हणतात आणि चष्मा पुसत निघून जातात. त्या गठ्ठ्यावर लगेच दुसऱ्या कुणाचं तरी प्रूफ ठेवून मी कामाला लागते. नाक लाल झालंच तर सर्दी आहेच.

दर खेपेला घरी नेऊन मी ती पुन्हा तपासायची. जिथे म्हणून कुणाला बोट ठेवता येईल, ते काढून टाकायचं. लांबलेलं वाक्य काढ, रडणारी बाई काढ, विनोद फसेल असं वाटलं की विनोद काढ. पहिल्या खेपेला चारशे तीस पानं होती, सहाव्या खेपेला दोनशे दहा. ही सहावी खेप मालकांच्या कपाटात पडून होती, आणि ह्या वेळी ती परत येणारच नाही अशी माझी खात्री होती. परत यायला तिच्यात काही शिल्लकच ठेवलं नव्हतं मी.

अशात एका सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर नव्या कादंबरीची प्रुफं येऊन पडली. वर लेखिकेचं नाव बघितलं आणि मी चष्मा काढून पुसला. नाव तेच राहिलं. माझ्या धाकट्या जावेचं.

आमची धाकटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते. पेशंटना नंबर देते, डोळ्यांत थेंब घालते, "आता वीस मिनिटं मिटून बसा" म्हणते. ती काही लिहिते हे मला माहीतच नव्हतं. मी तडक फोन लावला.

"अय्या, आलं का तुमच्याकडे!" ती म्हणाली. "मला सांगायचं होतं हो ताई, पण म्हटलं झालं की मगच सांगू. पेशंट मिटून बसले ना, की ती वीस मिनिटं मी लिहायची. अकरा महिन्यांत झाली."

"अकरा महिन्यांत," मी म्हटलं.

"आणि मालकांना मी तुमचं नातं मुद्दाम सांगितलं नाही. उद्या कुणी म्हणायला नको की ताईंच्या वशिल्यानं झालं."

माझ्या वशिल्यानं! माझा वशिला एवढा दांडगा की माझीच कादंबरी पाच वेळा परत आलेली. मी म्हटलं, "अभिनंदन हो," आणि फोन ठेवला. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

घरी हे म्हणाले, "बघ, आपल्या घरात लेखिका निघाली!"

"आणि चौदा वर्षं मी काय वाणसामानाची यादी करत होते?"

"तसं नाही गं," हे म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. तीन दिवस ह्यांना भाजीत मीठ कमी मिळालं.

कादंबरी कशावर होती ते ऐका. आमच्या सासूबाईंवर. नावं बदललेली, पण बाई त्याच. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेवटचे आठ महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि कुठे, तर माझ्या घरी. त्यांना कुशीवर वळवायचं मी, औषधं मी, रात्री हाक मारली की उठायचं मी. धाकटी संध्याकाळी कामावरून येताना डोकवायची, पायथ्याशी बसून गप्पा मारायची आणि हसवून जायची. म्हणजे आईंचं सगळं केलं मी आणि कादंबरी लिहिली हिनं. ह्यावर कुणाचं पित्त खवळणार नाही सांगा. मला ह्या बाईवर एक ओळ लिहावीशी वाटली नाही हे खरं आहे, मी त्या आठ महिन्यांत चित्रकाराच्या तोंडचं एक स्वगत चार वेळा दुरुस्त करत होते. पण तेव्हा हे मला दिसलं नाही. माझ्या ताटातलं कुणीतरी उचलून नेलं एवढंच दिसलं.

तर मी तपासायला घेतली. भाषा ही अशी धावती. वाक्यं कुठेही सुरू होतात, कुठेही थांबतात, एका पानावर तर तीन माणसं एकदमच बोलतात. मी तोंड वाकडं करून पट्टी खाली सरकवत होते. नवव्या प्रकरणात सासू जाते. ते तिनं बरं लिहिलं होतं. बरं म्हणजे चांगलं लिहिलं होतं, आता खोटं कशाला बोलू.

मग आलं एकविसावं प्रकरण. रविवारची दुपार आहे. धाकटी सून सुईत दोरा ओवतेय, दोरा काही ओवला जात नाही. आतल्या खोलीतून सासू विचारते, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" सून मान वर न करता म्हणते, "डोक्यावर बघा." आतून उत्तर येतं, "आहे गं बाई." आणि दोरा ओवला जातो. झालं, एवढंच. मी हसले. मग डोळे चुरचुरले. आई अगदी अशाच होत्या, दिवसातून चारदा चष्मा हरवायच्या. मी पदरानं डोळे टिपले, पट्टी सरकवली, पान उलटलं, पुढचं दीड पान वाचलं.

आणि मग माझा हात थांबला. अहो, ही बाई बारा प्रकरणांपूर्वी मेलीय!

मी मागे जाऊन बघितलं. मेलीच होती. भूत नाही, स्वप्न नाही, आठवण नाही, तसा एक शब्द नाही. सरळ सरळ चूक. मूळ प्रत उघडली, तिथेही तसंच. लेखिकाबाई विसरल्या होत्या की आपण सासूला मारलंय. आणि मी, जिच्या नजरेतून काही सुटत नाही, ती मी दीड पान पुढे गेले होते. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कादंबरी लिहिली ते लिहिली, वर माझी नजरही हुकवली.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. छापणाऱ्याची चूक असली तर मी लाल शाईनं दुरुस्त करायची. पण चूक मूळ प्रतीतच असली, तर ती लेखकाची. तिला मी हात लावायचा नाही. समासात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढायचं, ते लेखकाकडे जातं, आणि काय ते लेखक ठरवतो. म्हणजे माझं काम अर्ध्या सेकंदाचं होतं. एक आकडा, खाली एक टिंब.

मी पेन्सिल उचलली. समासावर टेकवली. आणि मनात आलं, का म्हणून? पान मूळ प्रतीप्रमाणे आहे, अक्षर न अक्षर. उद्या कुणी विचारलंच तर मी दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवू शकते. छापू दे ना तसंच. वाचू देत लोकांना. एखादा टीकाकार लिहील की बाईंना आपलं कोण जिवंत, कोण मेलेलं ह्याचंही भान नाही, आणि ते कात्रण मी चांगलं जपून ठेवीन. हे सगळं मी अगदी शांतपणे ठरवलं. रागाच्या भरात झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. पेन्सिल परत डब्यात ठेवली आणि पट्टी खाली सरकवली.

पुस्तक निघालं. मी वाट बघत बसले. पहिलं परीक्षण आलं ते आमच्याकडे पानं लावणारे कासव घेऊन आले. त्यांना कासव का म्हणतात ते त्यांचं काम बघितलं की कळतं, पण त्या दिवशी ते चक्क पळत आले. आमचं नातं एव्हाना सगळ्या ऑफिसला कळलं होतं. "बाई, वाचा, वाचा! तुमच्या जाऊबाईंनी मैदान मारलं!"

मी वाचलं. परीक्षण लिहिणाऱ्यानं अख्खा परिच्छेद एकविसाव्या प्रकरणावर खर्च केला होता. मेलेली सासू कसलाही गाजावाजा न करता चष्मा मागते, सून कसलंही आश्चर्य न वाटता उत्तर देते, घरातलं माणूस असंच तर घरात राहतं, एवढं धाडस आणि एवढा संयम पहिल्याच पुस्तकात, वगैरे वगैरे. मी ते दोनदा वाचलं. मग कपाळाला हात लावला.

त्यानंतर तर रीघच लागली. दुसरं परीक्षण, तिसरं परीक्षण. वाचकांची पत्रं ऑफिसात यायची आणि ती फोडायचं काम माझ्याकडे. कुणाची आई गेलेली, कुणाचा नवरा गेलेला. सगळ्यांना तोच चष्मा दिसलेला. एका बाईंनी लिहिलं होतं की त्या पानानंतर मी पुस्तक मिटून तासभर नुसती बसून राहिले. माझ्या दोनशे दहा पानांनी आजवर कुणाला पाच मिनिटंसुद्धा बसवलं नव्हतं. एका कार्यक्रमात धाकटीला कुणीतरी विचारलं, "हे कसं सुचलं हो तुम्हाला?" मी पहिल्या रांगेत होते, ह्यांच्या आणि भाऊजींच्या मध्ये. धाकटी माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखी हसली आणि म्हणाली, "सुचलं खरं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तळहात दुखेपर्यंत वाजवल्या, कारण भाऊजी माझ्याकडे बघत होते.

चार महिन्यांत दुसरी आवृत्ती ठरली. आणि त्याच आठवड्यात मालक खोलीतून उठले, माझ्या टेबलाशी आले आणि गठ्ठा ठेवला. माझा. सहाव्यांदा.

"निर्दोष आहे हो," ते म्हणाले, "पण..."

"पण काय?" मी म्हटलं. आवाज चढला होता, कासवांनी मान वळवली. "सहाव्या खेपेला तरी पणच्या पुढे बोला."

मालक माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. असे ते कधी बसत नाहीत. चष्मा पुसला, परत घातला. "एका बैठकीत वाचली," ते म्हणाले. "कुठे अडखळलो नाही. मग जेवायला बसलो. बायकोनं विचारलं, काय वाचत होतात एवढं? आणि मला काही सांगताच येईना. चित्रकार आहे म्हटलं. पुढे काही आठवेना. राग मानू नका."

राग कसला मानते. राग यायला अंगात त्राण लागतं. त्या दिवशी घरी आले आणि गठ्ठा फ्रिजवर टाकला. ह्यांनी बघितलं आणि चहा करून आणला. मग म्हणाले, "आता पुरे कर ना. कशाला जीव जाळतेस? तुझं काम चांगलं आहे, नाव आहे तिथे."

"चुका काढण्यात नाव आहे."

"काही वाईट आहे का ते?"

मी कप धुवायला उठले. मनात मात्र हेच होतं, की हे बरोबर बोलतायत, आता बंद. जिला येतं ती लिहितेय ना घरात. एका घरात एक पुरे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी ऑफिसात आली. दुसऱ्या आवृत्तीसाठी लेखकाला काही बदल करायचे असले तर तो छापील पुस्तकावर करून देतो. तिनं पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवलं. एकविसावं प्रकरण. चष्म्याच्या चारही ओळी निळ्या पेनानं आडव्या खोडलेल्या, कागद फाटेल इतक्या जोरात.

"हे काय?" मी म्हटलं.

"ताई, ती चूक होती." ती उभीच होती. "ते प्रकरण मी आई असतानाच लिहून ठेवलं होतं, सुटं. सगळं जोडताना लक्षातच राहिलं नाही. पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं मला."

"मग?"

"मग काय मग! लोक माझे हात हातात घेऊन रडतात. काय धाडस, काय प्रतिभा! आणि मी मान डोलावते. चोरी केल्यासारखं वाटतं. मला नको ते." मग खुर्ची ओढून समोर बसली आणि आवाज खाली आणला. "आणि एक विचारायचंय. तुम्हाला दिसलं होतं ना?"

मी पट्टी उचलली, परत ठेवली. "मूळ प्रतीप्रमाणे होतं," मी म्हटलं.

"मी ते नाही विचारलं. दिसलं होतं ना?"

"हो."

"मग प्रश्नचिन्ह का नाही काढलंत?"

बाहेर कासव डबा धुवत होते, नळाचा आवाज येत होता. सांगायला दहा कारणं होती. विसरले, घाई होती, मला वाटलं मुद्दाम केलंयस. शेवटचं तर किती छान दिसलं असतं, वर मोठेपणाही मिळाला असता. "जळत होते मी तुझ्यावर," मी म्हटलं. "वाटलं, फजिती होऊ दे हिची."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी पुन्हा वाचलंच नव्हतं, ताई," ती म्हणाली. "एकदाही नाही. ताई आहेत ना म्हटलं, ताईंच्या नजरेतून काय सुटणार."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी पुस्तक जवळ ओढलं आणि त्या खोडलेल्या ओळी वाचल्या. निळ्या रेघांच्या खालूनही त्या वाचता येत होत्या. दोरा, चष्मा, "आहे गं बाई." परत पदर डोळ्यांना लावला. मेलं, कितव्यांदा वाचत होते मी!

"हे काढू नकोस," मी म्हटलं.

ती हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "आता कशासाठी? आणखी कुठली फजिती राहिलीय माझी?"

आणि ते तिचं बरोबरच होतं. मी तिच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. एकदाच मी तिला खरं सांगत होते आणि ते खोटं वाटावं अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. आता हिला पटवायचं तर मला एकच गोष्ट सांगणं भाग होतं, आणि ती गोष्ट सांगण्यापेक्षा मी नोकरी सोडली असती.

"ऐक," मी म्हटलं. "मला ती चूक तिथे दिसली नाही. दीड पान पुढे गेल्यावर दिसली. मी हसले, रडले आणि पान उलटलं. बाई मेलीय हे माझ्या लक्षातही आलं नाही."

"तुमच्या?"

"माझ्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याचाच तर संताप झाला मला. अगं, वाईट लिहिलेल्याचा कुणी मत्सर करतं का? माझ्या टेबलावर ढिगानं भिकार पुस्तकं येतात, मला कधी पोटात दुखलं नाही. उलट लिहिणाऱ्यांना मी चहा पाजते. तुझ्या त्या चार ओळींनी मी कित्येक महिने धड झोपलेले नाही. चुकून आल्या असतील. आल्या ना? मग ठेव."

तिनं त्या निळ्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "खोडलंय ना पण मी."

खोडलेलं परत हवं असलं तर काय करतात ते मी तिला सांगितलं. खोडलेल्या ओळींखाली टिंबं टिंबं काढायची आणि समासात 'असू दे' लिहायचं. पेन्सिल तिच्या हातात दिली. तिनं एकेक टिंब दाबून काढलं, चार ओळींखाली, आणि 'असू दे' लिहिलं. पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. उठताना म्हणाली, "मी हे विसरणार नाही हं, ताई."

"नको विसरूस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर फ्रिजवरचा गठ्ठा खाली काढला. दोनशे दहा पानं घेऊन बसले आणि ह्या वेळी चुका शोधल्या नाहीत. प्रत्येक पानाला एकच विचारलं. हे धाकटीनं लिहिलं असतं, तर मला पोटात दुखलं असतं का? पहिल्या पानाला नाही. दहाव्याला नाही. चित्रकार खिडकीशी उभा राहतो, त्याच्यावर मी चौदा वर्षं फिदा होते. त्यालाही नाही. शेवटच्या पानापर्यंत एकदाही दुखलं नाही. धाकटीच्या नावावर ती अख्खी कादंबरी छापून आली असती, तर मी आनंदानं पेढे वाटले असते. मी गठ्ठ्याला दोरी बांधली आणि माळ्यावर टाकला. रडले का? रडले. ह्यांना सर्दी सांगितली.

आणि सकाळी उठून, चहा गॅसवर असतानाच, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानं लिहायला लागले. का ते विचारू नका. इतक्या वेळा नाही ऐकल्यावर शहाण्या माणसानं थांबावं, पण मला थांबून काय करायचं असतं तेच माहीत नव्हतं. लाल पेन ऑफिसात ठेवून यायला लागले. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचायचं नाही असा नेम केला. फार जड गेला तो. हात शिवशिवायचे नुसते.

धाकटी तीन आठवडे आली नाही. फोनवर भाऊजीच बोलायचे. मग एका रविवारी दारात उभी. "ह्यांनी पाठवलं, डबा परत द्यायला," म्हणाली, म्हणजे स्वतःहून आलेली नाही हे कळावं. मी चहा ठेवला. ती ओट्याशी आली आणि तिथे पडलेले कागद तिला दिसले.

"हे काय, चित्रकार का?"

"नाही. वाच वाटलं तर."

तिनं उभ्यानंच वाचायला घेतलं. त्या पानावर काय होतं ते मी कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं, ह्यांनाही नाही. शेवटच्या आठवड्यातली दुपार. मी आईंना कुशीवर वळवत होते. चष्मा नसला की त्यांना माणूस ओळखू यायचं नाही. माझा हात धरून त्या कुजबुजल्या, "आलीस का गं? दार लाव. मोठी बाहेर आहे ना? ती असली की मला बोलायची भीती वाटते. चुका काढते गं ती. करते सगळं, पण चुका काढते." मी धाकटी नव्हते. पण त्यांचा हात इतका मऊ होता, आणि त्या हातानं मला कधी असं धरलेलं नव्हतं. मी धाकटीसारखा आवाज काढला, "नाहीये हो ती घरात, तुम्ही बोला." आणि आई बोलल्या. अर्धा तास, लहानपणापासूनचं सगळं. मी धाकटी होऊन ऐकलं, धाकटीसारखी हसले. मग संध्याकाळी खरी धाकटी आली, तेव्हा मी चहाचा कप मुद्दाम आपटला.

सगळं होतं तसं लिहिलं होतं. एका वाक्यात तर मी तीनदा 'गं' म्हटलं होतं आणि तीनही तसेच ठेवले होते.

धाकटीनं पान वाचलं. खाली ठेवलं. परत उचललं आणि पहिल्यापासून वाचलं. डोळे भरून आले तिचे, ते तिनं मनगटानं पुसले. "हे खरंच म्हणाल्या आई?" तिनं विचारलं.

"कादंबरी आहे ती," मी म्हटलं.

"मला कधीच नाही सांगितलंत."

"मला तरी कुठे सांगितलं होतं. तुलाच सांगितलं होतं त्यांनी."

मी चहा गाळला, कप तिच्यासमोर ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती, पण बघत काही नव्हती. हळूहळू तिचं नाक जरासं वर गेलं, ओठ घट्ट मिटले, आणि गालाजवळ एक शीर टरारली. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. इतके महिने मीच तो घेऊन फिरत होते.

मग तिनं ते पान माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. जरा लांबलंय, नाही?"

"हो का?" मी म्हटलं. इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.